विंडोज सोडलेले किशनराव सर

लातूरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवून किशनराव सर निवृत्त झाले, आणि त्या दिवसापासून लातुरात मराठी जाणणारा माणूस उरला नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. क्लासवाल्यांना ते दुकानदार म्हणत. गावातल्या कवींना टाळ्यांचे भुकेले म्हणत. हदगावकडं वडिलांची जमीन कसणाऱ्या धाकट्या भावाला, दयानंदाला, ते ‘सोयाबीन’ म्हणून हाक मारत, तेही चारचौघांत. दयानंद नुसता हसायचा. त्याला कळत नाही, म्हणून हसतो, असं सरांना वाटायचं.

सरांची ऐट ज्या एका गोष्टीवर उभी होती ती म्हणजे मंगलाष्टकं. घराण्यातलं कोणतंही लग्न असो, नवरीचं नाव गुंफलेली नवीकोरी मंगलाष्टकं सर स्वतः रचत आणि माईकवर स्वतः म्हणत. भटजींनी आपली उरकली की सर पुढं सरसावत, खिशातून घडीचा कागद काढत, चष्मा पुसत, माईकवर दोनदा टिचकी मारत आणि म्हणत, ‘‘खास आजच्या प्रसंगासाठी.’’ मग आठ कडवी, तीही शार्दूलविक्रीडितात. तिसऱ्या कडव्याच्या पहिल्या ओळीला ते डोळे मिटत आणि डावा हात असा वर नेत, जणू वरच्या पंख्यापर्यंत पोचायचंय. मांडवातली माणसं अक्षता मुठीत धरून ताटकळत. अक्षतांना घाम सुटे. पण मोठ्या माणसाचं मन कोण मोडणार?

आता खरं सांगायचं तर ही मंगलाष्टकं सरांनी रचली होती एकदाच. चुलतभाऊ सुदर्शनच्या लग्नात. तेव्हा मात्र खरोखर खपून, महिनाभर जेवणाकडं लक्ष न देता रचली. सुदर्शनची नवरी विशाखा, आणि ते नाव वृत्तात आयतं बसलं. पुढच्या लग्नाच्या वेळी सर पुन्हा टेबलाशी बसले, तर काही सुचेना. दोन दिवस बसले, तीन दिवस बसले. शेवटी त्यांनी कॉम्प्युटरवरची तीच फाइल उघडली, विशाखाचं नाव खोडलं, नव्या नवरीचं घातलं आणि छापून घेतलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. निदान कोणी काही बोललं नाही. मग तोच रिवाज पडला. लांडं नाव आलं तर सर त्याच्यामागं ‘सु’ लावत. स्वतःच्या पोरीच्या, शिल्पाच्या लग्नात त्यांनी तिची ‘सुशिल्पा’ केली. दयानंदाच्या थोरल्या पोरीचं, मालविकेचं, नाव कसंच बसेना, तर भर मांडवात तिची ‘सुमालू’ केली. ती बिचारी अंतरपाटामागं रडली, आणि सरांना वाटलं, आपल्या शब्दांनी रडली.

हे बिंग फुटू नये म्हणून सर फार काळजी घेत. लग्न लागलं की कागद घरी आणून फाडून टाकत, कोणी मागितला तरी देत नसत. दोन लग्नांचे कागद शेजारी ठेवून कोणी पाहिले तर? व्हिडिओची त्यांना भीती नव्हती. शूटिंगवाले त्या जागी सिनेमातलं गाणं टाकत, आणि एरवी या प्रकाराला शिव्या देणारे सर त्याबद्दल मनातून त्यांचे आभारी असत. राहिली ती फक्त फाइल. ती कॉम्प्युटरच्या पोटात होती, आणि कॉम्प्युटरला घरात दुसरं कोणी हात लावत नव्हतं.

हा कॉम्प्युटर निवृत्तीच्या वेळचा. त्याला तारामतीबाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, विणलेलं झाकण घातलं होतं. दरवर्षी खंडेनवमीला त्याची पूजा होई. कुंकवाचे थर बसून बसून डब्याचा माथा लालभडक झाला होता आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या मागच्या पंख्यात अडकून कुरकुरत असत. या यंत्रावर सर आणखी काय करत म्हणाल, तर पेन्शनची स्लिप बघत आणि इतरांच्या कविता वाचून ‘सुमार’ असं पुटपुटत.

त्या दिवाळीच्या आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक पाटी येऊ लागली. जुन्या विंडोजचा पाठिंबा संपला, नवीन घ्या. नवीन घ्यायला जावं तर पाटी सांगे, तुमचं यंत्र त्या लायकीचं नाही. लायकी हा शब्द अर्थात सरांचा. पाटीत बापडं वेगळंच काही लिहिलं होतं. पण सरांना वाटलं, हायस्कुलाच्या संस्थाचालकांनी अठ्ठावन्न पुरी होताच जशी नारळ देऊन बोळवण केली, तशीच ही.

‘‘मला रिटायर करतो व्हय रे!’’ ते पडद्याला म्हणाले. सर एरवी पुस्तकातून उचललेलं मराठी बोलत, पण पारा चढला की हदगाव बाहेर येई.

नवीन कॉम्प्युटर घेणं हा उपाय होता. पण सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या सगळ्यांनी तोच केला होता, म्हणून तो सरांच्या दृष्टीनं बाद. नांदेडला असणारा जावई सर्वेश एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होता. तो फोनवर म्हणाला, ‘‘मामा, विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देतो. फुकट असतंय, जुन्या मशिनवर मस्त चालतंय.’’ लिनक्स म्हणजे काय ते सरांना ठाऊक नव्हतं. पण बागेतल्या कोणाकडंच ते नाही, एवढं कळलं आणि तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी बागेत बाकावर बसून सरांनी जाहीर केलं, ‘‘मी विंडोज सोडलं.’’

तंबाखू सोडल्यासारखं ते बोलले. कोणी विचारलं, का? ‘‘गुलामी किती दिवस करायची?’’ सर म्हणाले. ‘‘तुम्ही करा. तुम्हाला सवय आहे.’’ त्या वेळी लिनक्स अजून नांदेडलाच होतं.

दिवाळसणाला सर्वेश आणि शिल्पा आले. फराळ झाला आणि सर्वेश पेनड्राइव्ह घेऊन कॉम्प्युटरशी बसला. आधी त्यानं मागचं झाकण उघडून पंख्यातल्या पाकळ्या काढल्या, मग सरांच्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. सर मागं उभे. जावई म्हटल्यावर ‘अहो-जाहो’ आणि ‘जावईबापू’ करावंच लागतं, म्हणून ते करत होते. पण ज्याला स्वतःच्या लग्नपत्रिकेत ‘आशिर्वाद’ असा चुकीचा शब्द चालला, त्याच्याबद्दल मनात काय असायचं ते होतंच.

‘‘मामा, मराठी कशात टाइप करता तुम्ही?’’ सर्वेशनं विचारलं.

‘‘मराठी मराठीतच टाइप करतात, जावईबापू.’’

‘‘तसं न्हाई. फाँट कोणताय? जुन्या पद्धतीचा असंल तर इकडं अक्षरं दिसायची न्हाईत. एखादी फाइल उघडून बघू का?’’

सर पटकन पुढं झाले आणि त्यांनी माऊसवर हात ठेवला. फाइल उघडली असती तर पहिलीच ओळ दिसली असती, आणि ती सर्वेशच्या स्वतःच्या लग्नातली होती.

‘‘यंत्राचं तुम्ही बघा,’’ सर म्हणाले. ‘‘भाषेचं मी बघतो.’’

सर्वेशनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा शिल्पाकडं पाहिलं आणि ‘‘बरं’’ म्हणाला. शिल्पानं चकलीचा तुकडा तोंडात टाकून खिडकीबाहेर बघितलं. तासाभरात लिनक्स बसलं. पडदा नवाकोरा, हिरवागार. सर्वेशनं फाइली परत आत ठेवल्या, चार-दोन गोष्टी दाखवल्या. सर प्रत्येकीला ‘‘माहीत आहे’’ म्हणाले आणि त्यातली एकही त्यांच्या लक्षात राहिली नाही.

पुढचे काही आठवडे बागेतल्या माणसांनी जे सोसलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. सर व्हायरसवर बोलत, स्वातंत्र्यावर बोलत, ज्याचं नावही त्यांना नीट घेता येत नव्हतं त्या प्रत्येक गोष्टीवर बोलत. कोणाचा कॉम्प्युटर अडला की म्हणत, ‘‘अजून विंडोजच का? मग भोगा.’’ स्वतःच्या कॉम्प्युटरवर त्यांना अजून पेन्शनची स्लिप सापडली नव्हती. ती ते मोबाइलवर बघत आणि कोणाला सांगत नसत.

तुळशीचं लग्न झालं आणि दयानंदाचा फोन आला. तनुजाचं, म्हणजे त्याच्या धाकट्या पोरीचं लग्न ठरलं होतं. मुलगा नांदेडचा, लग्न नांदेडलाच. ‘‘दादा, मंगलाष्टकं तुमचीच, बरं का. तुमच्याबिगर लग्न लागल्यावानी वाटत न्हाई,’’ दयानंद म्हणाला. सर सुखावले. सोयाबीन असला तरी रक्ताचा होता.

मग दयानंदानं पुढचं सांगितलं. नवऱ्या मुलाचे मामा, माधवराव, धर्माबादचे, तेही मंगलाष्टकं रचतात म्हणे. त्यांच्याकडच्यांनी विचारलंय, एक कडवं तुमचं एक आमचं, असं चालेल का? सर नाकातून हसले. माधवरावांना ते ओळखून होते. एका लग्नात पाहिलं होतं. गृहस्थ चक्क मोबाइलमध्ये बघून मंगलाष्टकं म्हणत होते, आणि मध्ये कोणाचा तरी फोन आला होता. ‘‘चालेल,’’ सर म्हणाले. ‘‘त्यांनाही ऐकायला मिळेल.’’

लग्नाला आठवडा राहिला तेव्हा सर कॉम्प्युटरशी बसले. तनुजा हे नाव ‘तनूजा’ असं ओढलं की वृत्तात बसतं, हे त्यांनी चहा घेता घेताच ठरवलं होतं. पाच मिनिटांचं काम. त्यांनी फाइल उघडली.

पडद्यावर मराठीचं अक्षर नव्हतं. होती ती इंग्रजी अक्षरं, तीही धड नव्हेत. कोणाच्या डोक्यावर टोपी, कोणाच्या डोक्यावर दोन टिंबं, कोणाला खाली शेपूट, मध्येच प्रश्नचिन्ह, मध्येच रिकामा चौकोन. सरांनी फाइल बंद करून परत उघडली. चष्मा पुसला. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. टोप्या तशाच. त्यांचं आयुष्यभराचं एकमेव काव्य त्यांच्यासमोर भलत्याच कोणाच्या तरी भाषेत उभं होतं आणि त्यांना ओळखत नव्हतं.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. कागद एकही नाही; सगळे स्वतःच्या हातांनी फाडलेले. पाठ म्हणाल, तर वाचून म्हणणाऱ्याला पाठ होत नाही. इतकी वर्षं डोळे कागदावर आणि मन समोरच्या गर्दीत, आपण कसे दिसतोय यात. त्यांनी वही घेतली. पहिलं कडवं आलं. दुसरंही, अडखळत का होईना, आलं. तिसऱ्याची पहिली ओळ आली,

आली मंगल वेळ ही सुखमयी, दारी उभी पालखी

आणि पुढं काळोख. कोणाच्या दारी, कसली पालखी? नवऱ्या आता मोटारीतून जातात. पुढं काय होतं ते काही केल्या आठवेना.

दुपारी त्यांनी सर्वेशला फोन लावला. ‘‘जावईबापू, आमच्या बागेत एक गृहस्थ आहेत.’’

‘‘बोला ना, मामा.’’

‘‘त्यांनी आमचं बघून लिनक्स घेतलं. आता त्यांच्या मराठी फाइली इंग्रजी दिसताहेत म्हणे. मी म्हटलं, विचारून सांगतो.’’

‘‘सोपंय, मामा,’’ सर्वेश म्हणाला. ‘‘फाइल बिघडली न्हाई. जुना फाँट नवीन सिस्टिमवर न्हाई म्हणून तसं दिसून राहिलंय. त्या गृहस्थांना सांगा, फाइल मला पाठवा. पाच मिनिटांत बदलून देतो.’’

‘‘ते पाठवणार नाहीत.’’

‘‘कामून?’’

‘‘स्वाभिमानी आहेत,’’ सर म्हणाले.

इतकं जवळ आलेलं सुख त्यांनी असं हातानं दूर लोटलं. फाइल पाठवली की सर्वेश ती बदलणार. बदलली की वाचणार. वाचली की आपल्याच लग्नातल्या ओळी त्याला दिसणार. मग शिल्पाला कळणार, मग हदगावला. संध्याकाळी पेनड्राइव्ह खिशात घालून ते पत्रिका छापणाऱ्या एका दुकानापर्यंत गेले. तिथं जुना फाँट असणार हे त्यांना माहीत होतं. पण कॉम्प्युटरवर त्यांचा जुना विद्यार्थी हरिओम बसला होता. वर्गात ते त्याला ‘शुद्धलेखनाचा खाटीक’ म्हणत. सर पायरीवरून परत फिरले.

नवीन रचावीत, असंही त्यांच्या मनात आलं. दोन दिवस ते वही घेऊन बसले. तारामतीबाई चहा आणून ठेवत आणि थंड झालेला परत नेत. एक ओळ साधली, ती वाचून त्यांनाच लाज वाटली. आणि मग, मनाशीच का होईना, सरांना कबूल करावं लागलं की ते कवी नाहीत. एका लग्नापुरते होते. बाकी सगळी वर्षं ते फक्त नावं बदलणारे कारकून होते. कबूल केलं आणि लगेच त्यांना राग आला. स्वतःचा नव्हे, लिनक्सचा.

लग्नाच्या दिवशी नांदेडच्या मंगल कार्यालयात सर पांढरा झब्बा घालून उभे होते आणि खिशात घडीचा कागद होता. कागदावर दोन कडवी आणि एक ओळ होती, खाली सगळं कोरं. दोन कडवी दणक्यात म्हणायची, तिसऱ्याला खोकला काढायचा आणि माईक माधवरावांकडं द्यायचा, असा त्यांचा बेत होता. माणूस म्हातारा झाला, घसा बसला, यात लाज कसली?

मुहूर्त बाराचा होता, म्हणून दीड वाजता सगळे जमले. भटजींची झाली. माधवरावांनी मोबाइल काढला आणि पहिलं कडवं म्हटलं. आवाज बरा होता. सरांनी तोंडावर दया आणून ऐकलं. मग ते पुढं झाले, घडी उलगडली, माईकवर दोनदा टिचकी मारली.

‘‘खास आजच्या प्रसंगासाठी,’’ ते म्हणाले.

पहिलं कडवं झकास गेलं. माधवरावांचं दुसरं. सरांचं दुसरं थोडं लटपटलं, पण गेलं. माधवरावांचं तिसरं झालं. सरांनी खोकायला तोंड उघडलं, आणि समोर पाहिलं. वरपक्षाची सगळी माणसं मन लावून ऐकत होती. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तर मोबाइलवर टिपायला घेतलं होतं. खोकला काढायचं सरांच्या जिवावर आलं. येईल, आठवेल, असं वाटलं त्यांना. त्यांनी सवयीनं डोळे मिटले आणि डावा हात वर नेला.

‘‘आली मंगल वेळ ही सुखमयी, दारी उभी पालखी...’’

हात वरच राहिला. पुढं काही नाही. माईकमधून फक्त पंख्याचा आवाज येत होता. मागच्या रांगांना वाटलं, झालं. त्यांनी अक्षता टाकल्या. ते पाहून बँजोवाल्यानं ठोका दिला, त्याला कोणीतरी दटावलं, आणि अंतरपाटाआडून नवरदेवानं वाकून विचारलं, लागलं का? माधवरावांनी माईकसाठी हात पुढं केला. सरांच्या कपाळावरून घामाचा ओघळ चष्म्यावर आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणाचाच तिरस्कार वाटेना. तेवढी सवडच नव्हती.

तेव्हा त्यांच्या मागून, माईकशिवाय, एक आवाज आला.

‘‘माहेरी मन ठेवुनी हळुहळू...’’

शिल्पा होती. सरांनी मान वळवली. तिच्या शेजारी तारामतीबाई होत्या, त्यांच्या ओठांवर तीच ओळ होती. सुदर्शन होता, विशाखा होती, मालविका कडेवर पोर घेऊन उभी होती. आणि नावाची जागा आली तेव्हा वधूपक्षाचा अख्खा मांडव एका दमात म्हणाला, ‘‘जाई तनूजा सखी!’’ बरोबर ओढून. सरांनी मनात ओढलं होतं तसंच.

मग ते थांबलेच नाहीत. वरपक्षाला मध्ये जागाच मिळाली नाही. चौथं कडवं, पाचवं कडवं, हदगावची शेतकरी माणसं, नांदेडची नोकरदार माणसं, पोरंटोरं, सगळी म्हणत होती. जिथं सर नेहमी श्वास घेत तिथं सगळ्यांनी श्वास घेतला. सातव्यात सर ज्या शब्दावर उगीच घोळवत तिथं सगळ्यांनी घोळवलं, आणि काही पोरांनी डोळे मिटून डावा हातही वर नेला. सरही म्हणू लागले, पण एका शब्दानं मागं. आणि माईक त्यांच्याच हातात असल्यानं तो मागं पडलेला एकटा आवाज सगळ्या कार्यालयाला ऐकू गेला. आठवं संपलं, अक्षतांचा पाऊस पडला, बँजो वाजला, लग्न लागलं.

माधवराव हात जोडून जवळ आले. ‘‘सर, आमची ऐकून लोक इसरतेत. तुमची तर अख्ख्या घराला पाठ!’’ ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं.

पंगतीत दयानंद जिलबी वाढत होता. सरांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

‘‘दया, तुम्हा सगळ्यांना कसं काय पाठ?’’

‘‘आता घ्या! दर लग्नात तेच म्हणता की, दादा. पाठ न्हाई व्हणार तर काय?’’

‘‘कधीपासून कळलं?’’

‘‘दुसऱ्या लग्नातच की. नाव तेवढं बदललेलं. पोरं तर घरात लगीन लगीन खेळताना तुमचंच म्हणतेत.’’

सरांनी हातातली जिलबी ताटात परत ठेवली. ‘‘मग कोणी बोललं का नाही?’’

‘‘काय बोलावं? तुमाला एवढं बरं वाटतंय, तुमी थाटात म्हणता, आमी ऐकून राहिलो. त्यात आमचं काय जातंय?’’ दयानंदानं खालमानेनं त्यांच्या ताटात आणखी एक जिलबी ठेवली. ‘‘औंदा मातर सर्वेशरावांचा फोन आला. म्हणले, मामांची फाइल दिसत न्हाई, आन् ते मागायचे बी न्हाईत. तवा शिल्पानं सगळ्यायला कळवलं, बाबा अडले तर हात द्या, हसू नका. कोणी हसलं का?’’

‘‘नाही,’’ सर म्हणाले.

‘‘मग जेवा.’’ आणि तो जिलबीचं ताट घेऊन पुढं गेला. सोयाबीन.

लातूरला परतल्यावर सर दोन दिवस बागेत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सर्वेशला फोन करून नवीन मराठी टाइपिंग कसं करायचं ते विचारलं. या वेळी गृहस्थ बागेतला नव्हता. सर्वेशनंही विचारलं नाही. मग सर कॉम्प्युटरशी बसले आणि तारामतीबाई शेजारी मेथी निवडत बसल्या. त्या सांगत होत्या, सर एकेका बोटानं टाइप करत होते. तारामतीबाईंना एकदाही आठवावं लागलं नाही. चौथ्या कडव्यात सरांनी एक शब्द वेगळा घातला, तर त्यांनी मान न वळवता सांगितलं, ‘‘तो न्हाई तिथं. तुम्ही दर वेळी तिथंच चुकता.’’

तिसऱ्या कडव्यात नावाची जागा आली होती तेव्हा सर थांबले होते. ‘‘मोकळी सोडा,’’ तारामतीबाई म्हणाल्या होत्या. आता आठवं संपलं तेव्हा सरांनी सगळं वरपासून वाचून पाहिलं. काव्य तसं बरंच होतं. एखाद्या महिन्यापूर्वी त्यांनी ते थोर म्हटलं असतं.

‘‘यात थोडा बदल करावा म्हणतो,’’ ते म्हणाले. ‘‘दोन कडवी नवी घालावीत.’’

तारामतीबाईंनी मेथीच्या काड्या पदरात गोळा केल्या आणि त्या उठल्या.

‘‘नका हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उगीच सगळ्यांना परत पाठ करावं लागंल.’’